आज दुकान उघडं आहे काय?

गेल्या रविवारी माझी एक मैत्रीण घरी आली होती. तिच्या नवऱ्याचं आमच्या बेळगावातल्या शहापूरला फरसाणाचं दुकान आहे आणि कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलंय की आता मोबाईल अ‍ॅप काढल्याशिवाय धंदा टिकत नाही. तर ती विचारायला आली होती की अगं तुमच्या दुकानाची ती वेबसाइट कुणी केली, अ‍ॅप बरं की वेबसाइट बरी, का नुसतं वॉट्सअ‍ॅपवरच भागवायचं. एक चहा झाला, दुसरा झाला, सासूबाईंनी पोहे केले तरी माझं सांगणं संपेना. शेवटी ती म्हणाली, हे लिहून काढ की बाई कुठंतरी, मला अर्धं कळलं आणि कळलेलं मी घरी जाईपर्यंत विसरणार. म्हणून हे.

दुकान माझ्या माहेरचं. खडेबाजारातून आत एका गल्लीत, साड्यांचं आणि बस्त्याचं. बाबा आणि काका बघतात, आता चुलतभाऊ पण बसतो. मी उद्यमबागेत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, कॉम्प्युटरमधली कुणी मोठी तज्ज्ञ नाही, खरं (आमच्या बेळगावात 'पण' ला 'खरं' म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये) घरातले ऑनलाइन फॉर्म भरणं, प्रिंटर चालू करून देणं आणि वेबसाइटवाल्यांशी भांडणं ही कामं पहिल्यापासून माझ्याच वाट्याला आलीत, लग्न झालं तरी सुटली नाहीत.

ज्यांना बस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी, लग्न ठरलं की घरातली सगळी कापडखरेदी एकाच दिवशी एकाच दुकानात गादीवर बसून करायची, नवरीचा शालू, आहेराच्या साड्या, मानपानाचं, टॉवेल-टोपी सगळं. आठ-दहा माणसं, त्यात दोन आत्या, एक रुसलेली मावशी, एक-दोन लहान पोरं, असा लवाजमा. आमच्याकडे गोव्यातनं येतात, सावंतवाडी-दोडामार्गकडनं येतात, चंदगड, खानापूर, बैलहोंगल, गोकाककडनं येतात. एका साडीसाठी चोर्ला घाट चढून कोण येत नाही, बस्त्याला येतात, सकाळी निघून संध्याकाळी परत. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं ह्यावरच आहे.

आता आमचे पराक्रम.

पहिली वेबसाइट २०१२ मधली, एका लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यानं करून दिली. त्याच्याकडं मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत टाइप केलेलं, तेच उचलून त्यानं वेबसाइटवर टाकलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते फॉन्ट होते म्हणून आम्हाला झकास दिसायचं आणि बाकी जगाला दिसायचा चिन्हांचा कचरा, कारण ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येणारं टायपिंग, नव्हतं. हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं, म्हापशाच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं तेव्हा. मग त्या पत्रिकावाल्यानं शक्कल लढवली, सगळ्या मजकुराचे फोटोच करून चिकटवले. पत्ता पण फोटोत, फोन नंबर पण फोटोत. फोटोतला नंबर दाबून फोन लागत नाही, पत्ता कॉपी होत नाही, आणि शोधणाऱ्याला गूगलवर काही सापडत नाही. मोबाईलवर तर अख्खं पान काडेपेटीएवढं दिसायचं. त्याचं कारण मला लई उशिरा कळलं. पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची एक ओळ लागते, ती नसली की फोन समजतो हे मोठ्या स्क्रीनचं पान आहे, साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि सगळं आक्रसून दाखवतो. एक ओळ! तेवढ्यासाठी लोक तीन वर्षं दोन बोटांनी ताणून ताणून आमचा नंबर वाचत होते.

मग २०१५ च्या २१ एप्रिलपासून गूगलनं मोबाईलवरच्या सर्चमध्ये मोबाईलला सोयीच्या पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली. ही खरी गोष्ट, खरं तेव्हा त्याचा बागुलबुवा करून विकणारे गल्लोगल्ली फिरू लागले होते. आमच्याकडं एक जण आला आणि त्यानं मोबाईलसाठी वेगळी साइट करून दिली, पत्त्याच्या पुढं एम डॉट लागलेली. म्हणजे मोठी साइट वेगळी, छोटी वेगळी. बाबांनी एकदा सुट्टीचा वार बदलला, तो मोठीवर बदलला आणि छोटीवर राहिला. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसलं झालं. वर कोणी मोबाईलवरनं लिंक पाठवली आणि समोरच्यानं ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उघडली की भल्या मोठ्या स्क्रीनवर मधोमध एक चिंचोळी पट्टी. त्यापेक्षा पत्रिकावाला परवडला म्हणायची वेळ आली.

आणि मग अ‍ॅप. २०१८ मध्ये. हे मी जरा सविस्तर सांगते कारण मैत्रिणीचा नवरा ह्याच खड्ड्याकडं चाललाय.

त्या अ‍ॅपवाल्यानं दुकानात येऊन जे चित्र रंगवलं ना, काका तर पूर्ण पाघळले. दुकानाचं नाव लोकांच्या फोनमध्ये कायमचं, दसरा-दिवाळीला नोटिफिकेशन, घरबसल्या ऑर्डर. पैसे किती दिले ते लिहीत नाही, बाबांना अजून त्रास होतो. झालं काय, तर अ‍ॅप डाऊनलोड कुणी केलं? आम्ही, माझे सासरचे, चुलत-मावस सगळे, आणि दुकानातली पोरं. गिऱ्हाइकानं का करावं सांगा. घरात लग्न किती वेळा निघतं? एका बस्त्यासाठी अ‍ॅप घ्यायचं, परमिशन द्यायच्या, ओटीपी टाकायचा, आणि लग्न झालं की काढून टाकायचं, त्यात कोणाच्या फोनमध्ये जागा शिल्लक असते, सगळ्यांचे फोन गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलेले. आत तरी काय होतं, आमचीच वेबसाइट अ‍ॅपच्या चौकटीत बसवलेली, बाकी काही नाही.

पुढं अजून मजा. प्ले स्टोअरवर अ‍ॅप एकदा टाकलं की झालं असं नसतं, गूगल ठरावीक काळानं नियम पुढं सरकवतं की अ‍ॅप अ‍ॅंड्रॉइडच्या नव्या आवृत्तीसाठी तयार केलेलं पाहिजे, नाही केलं तर नव्या फोनवाल्यांना ते स्टोअरमध्ये दिसतच नाही. आमचं अ‍ॅप त्या माणसाच्या अकाउंटवर होतं, आमच्या नाही. तो माणूस गाव सोडून गेला, फोन बदलला, आणि अ‍ॅप हळूहळू दिसेनासं झालं. प्ले स्टोअरचं स्वतःचं अकाउंट काढायला फक्त २५ डॉलर लागतात, तेही एकदाच. अ‍ॅपलचे ९९ डॉलर, ते दरवर्षी. म्हणजे अकाउंटचा खर्च काही मोठा नव्हता, आम्ही ते विचारलंच नाही एवढंच. वेबसाइटच्या नावाचं पण तसंच असतं, डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर घ्या, बनवणाऱ्याच्या नाही. हे मी मैत्रिणीला तीनदा सांगितलं.

अर्थात हे फक्त आमच्यासारख्या अडाण्यांचंच होतं असं नाही. मिंत्रानं २०१५ च्या मे महिन्यात वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं होतं, आणि २०१६ च्या जूनमध्ये वेबसाइट परत आणली. फ्लिपकार्टनं पण २०१५ मध्ये मोबाईलवरची साइट बंद करून लोकांना अ‍ॅपकडं ढकललं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लिपकार्ट लाइट म्हणून ब्राउझरमध्येच चालणारी, अ‍ॅपसारखी वागणारी साइट काढली. त्यांच्याकडं पैसा होता म्हणून परत फिरता आलं. आमच्याकडं बाबा होते, त्यांनी जाहीर केलं की आता कॉम्प्युटरचा एक पैसा खर्च होणार नाही.

दोन वर्षं खरंच काही केलं नाही. मग कोरोना आला.

लॉकडाऊन उठायचं, परत लागायचं, कर्नाटकात वेगळे नियम, महाराष्ट्रात वेगळे, गोव्यात वेगळे. शिनोळीच्या (महाराष्ट्राच्या हद्दीवरचं गाव) पलीकडचं माणूस विचारतंय आलो तर परत जाऊ देतील काय. दुकानातला फोन दिवसभर वाजायचा आणि चुलतभाऊ वैतागून गेला होता. तेव्हा मी त्याला म्हटलं, एक काम कर, फोनजवळ वही ठेव आणि जो कोण फोन करेल त्यानं काय विचारलं तेवढंच लिही, नाव नको गाव नको. एक महिना. तो म्हणाला तुला काय उद्योग नाही काय. खरं लिहिलं त्यानं.

ती वही मी अजून ठेवलीय. कुठल्याही एजन्सीनं आम्हाला जे सांगितलं नाही ते त्या वहीत होतं. पानामागून पान एकच प्रश्न. "आज दुकान उघडं आहे काय?" "अंगडी तेगदैतेन्री?" "आयतारा उकतें आसता?" "शॉप ओपन है क्या?" चार भाषा, प्रश्न एक. त्याच्या खालोखाल, कुठं आलं दुकान, गाडी कुठं लावायची, आम्ही निघालोय आणि पोचायला उशीर होईल तर बंद करणार नाही ना, एवढी माणसं आहोत तर बसायला जागा आहे ना. एका माणसानं विचारलेलं, जवळ जेवायला शाकाहारी कुठं मिळेल. साडीचा भाव अख्ख्या महिन्यात फोनवर दोघांनीच विचारला. ऑनलाइन ऑर्डर कुणीच नाही. फोटो मागणारे होते, खरं ते सगळे एकदा येऊन गेलेले, घरी गेल्यावर 'ती जांभळी इरकल काढून ठेवा' म्हणणारे, आणि ते वॉट्सअ‍ॅपवर आपोआप यायचेच.

म्हणजे बघा, आम्ही आठ-नऊ वर्षं आणि तीन वेळा पैसे खर्चून मोबाईलवर दुकान मांडत होतो, आणि गिऱ्हाईक मोबाईलवर दुकानात यायचंच नव्हतं, ते अर्ध्या वाटेवर गाडीत बसून एवढंच विचारत होतं की पुढं येऊ की माघारी फिरू.

वही बघितल्यावर ठरवायला फार वेळ लागला नाही. एकच साइट करायची, एकाच पत्त्यावर, फोनवर फोनसारखी आणि कॉम्प्युटरवर कॉम्प्युटरसारखी दिसणारी. ह्याला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात, २०१० पासून हा शब्द चालू आहे आणि आता जगातल्या बहुतेक साइट अशाच असतात, आमच्याकडं कोणी आधी सांगितलं नाही कारण वेगळी साइट आणि अ‍ॅप विकण्यात पैसे जास्त. काकांना समजावताना मला काही जमेना, मी स्क्रीनची रुंदी, मीडिया क्वेरी असलं काय काय बोलत होते, तर काका मधेच म्हणाले, "म्हणजे साडी आणि ब्लाउज की गं. साडी एकच, बारीक बाई नेसू दे नाहीतर जाड, निऱ्या कमीजास्त केल्या की बसते. ब्लाउज मापाचा, माप बदललं की उसवा, परत शिवा. ते अ‍ॅप म्हणजे ब्लाउज." मी पुढं काही बोललेच नाही. एवढं बरोबर मला आजवर कुठल्या व्हिडिओत ऐकायला मिळालेलं नाही.

एकच साइट ठेवायचं अजून एक कारण होतं. गूगल आता साइट वाचतं ती फोनवाली. २०१६ च्या शेवटी त्यांनी हे जाहीर केलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ते बदलणं पूर्ण झालं. फोनवर गर्दी नको म्हणून तुम्ही काही मजकूर फक्त कॉम्प्युटरवाल्या पानावर ठेवला तर गूगलच्या हिशेबी तो नाहीच. त्यामुळं जे आहे ते फोनवर पूर्ण असलं पाहिजे, आणि फोनवर पूर्ण बसायचं तर आधी फालतू काढलं पाहिजे. आम्ही काढलं. 'आमच्याविषयी' मधला आजोबांचा चार परिच्छेदांचा इतिहास दोन ओळींवर आला (बाबा दोन दिवस बोलले नाहीत), सरकता बॅनर गेला, गणपतीचा चमचमणारा फोटो गेला, त्यावरनं आई पण बोलली नाही.

आता पान उघडलं की फोनवर बोट न सरकवता पहिल्यांदा एक ओळ दिसते, आज दुकान उघडं आहे, किती वाजेपर्यंत. तिच्याखाली तीन मोठी बटणं, फोन, वॉट्सअ‍ॅप, रस्ता. फोनचं बटण दाबलं की सरळ नंबर डायल होतो, वॉट्सअ‍ॅपचं दाबलं की आमचं चॅट उघडतं, नंबर सेव्ह करायची पण गरज नाही, फक्त लिंक करताना नंबराच्या आधी ९१ घालायचं विसरू नका, आम्ही विसरलो होतो. बटणं खरंच मोठी ठेवा. गूगल ४८ आणि अ‍ॅपल ४४ चं माप सांगतं, पिक्सेल-पॉइंटचा घोळ मला अजून नीट समजलेला नाही, मी सरळ माझ्या आईला दाबायला लावलं, तिच्या अंगठ्याला बरोबर लागलं ते माप फायनल.

ती 'आज उघडं आहे' ओळ काका स्वतःच्या फोनवरनं बदलतात. ह्यासाठी साइट बनवणाऱ्या पोराला (कॉलेजचा होता, आता बंगळूरला गेला) मी एकच गोष्ट सांगितलेली की मला अ‍ॅडमिन पॅनेलमध्ये शंभर गोष्टी नकोत, एक रकाना आणि एक सेव्हचं बटण. त्याला ते फारच क्षुल्लक वाटलं. पैसे मात्र त्यानं त्याचेच सगळ्यात जास्त घेतले.

वेगाबद्दल थोडं, कारण आमच्याकडं हा पुस्तकी विषय नाही. गोव्याहून येणारी गाडी साखळीवरनं चोर्ला घाट चढते, मग कणकुंबी, जांबोटी करत बेळगावात येते आणि त्या जंगलपट्ट्यात नेटवर्क म्हणजे देवाची कृपा. दुकानातल्या वायफायवर साइट फाडफाड उघडते ह्याला काही अर्थ नाही. ही नवी साइट पहिल्यांदा तयार झाली तेव्हा चुलतभावानं साड्यांचे फोटो कॅमेऱ्यातनं काढून तसेच चढवले होते, एकेक फोटो पाच-सहा एमबीचा. मी आणि नवरा एका रविवारी मुद्दाम जांबोटीच्या पुढं गेलो (सहल पण झाली), दुकानातल्या पोराचा जुना स्वस्तातला फोन मागून नेलेला, आणि रस्त्याकडेला थांबून साइट उघडली. भजी खाऊन झाली तरी पान अर्धंच. परत आल्यावर सगळे फोटो वेबपीमध्ये (फोटोच्या फाइलचा एक हलका प्रकार) बदलून लहान केले, एकेक शंभर-दीडशे केबीच्या आत, आणि पहिल्या स्क्रीनवर एकही फोटो ठेवला नाही, खाली सरकवलं तरच ते लोड होतात. गूगल म्हणतं पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे. आमची मुख्य गोष्ट एक ओळ अक्षरं आहे, तिला कितीसा वेळ लागतो. फॉन्ट पण फोनमध्ये असतो तोच वापरला, देवनागरी आणि कन्नडचे सुंदर सुंदर फॉन्ट फुकट मिळतात, खरं आपल्या लिपीत जोडाक्षरं एवढी की फाइल मोठी होते आणि घाटात तेवढंच ओझं.

ऑफलाइनचा प्रकार पण केला. सर्व्हिस वर्कर म्हणून एक सोय असते, एकदा पान उघडलं की ते फोनमध्ये राहतं आणि नेटवर्क गेलं तरी उघडतं. लोक सहसा घरनं निघताना एकदा बघतातच, मग घाटात परत उघडलं तर निदान रिकामं पान नको. मी मोठ्या हौसेनं काकांना दाखवलं, फोन एअरप्लेन मोडवर टाकून. काकांनी बघितलं आणि म्हणाले, "नेटवर्कच नाही तर फोन कसा लागायचा? नंबर बघून पूजा करायची काय?" बरोबरच होतं. म्हणून मग त्या साठवलेल्या पानावर रस्ता शब्दांत लिहिला, गावात शिरल्यावर कुठल्या चौकातनं कुठं वळायचं, गाडी कुठं लावून चालत यायचं, गल्लीच्या तोंडाशी काय खूण. नकाशा नाही, नुसती वाक्यं, जसं आपण फोनवर सांगतो तशी. आणि त्यात वर 'ही माहिती अमुक वाजता घेतलेली' असं दिसतं, नाहीतर कालची 'उघडं आहे' ओळ आज बघून कोणी यायचं.

भाषेवर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी डिझाइनवर झाली नाही. दुकानाच्या बोर्डाचं सरळ आहे, २०२४ च्या कायद्यानं ६० टक्के कन्नड पाहिजे, लावलं. वेबसाइटवर काय? साइट बनवणाऱ्याचं म्हणणं, फोनची भाषा बघून आपोआप ठरवू. मी दुकानात आलेल्या दहा-बारा जणांचे फोन बघितले, मराठी माणूस, कन्नड माणूस, कोकणी माणूस, सगळ्यांच्या फोनची सेटिंग इंग्रजीच. मग तो म्हणाला, लोकेशनवरनं ठरवू, कर्नाटकात असेल तर कन्नड. म्हटलं, बाबा तू बेळगावात नवीन आहेस काय. शेवटी वर तीन बटणं, मराठी, कन्नड, इंग्रजी, ज्या त्या भाषेच्या अक्षरांत, सारख्या मापाची, एका ओळीत, आणि माणसानं एकदा निवडलं की पुढच्या वेळी तेच उघडतं. ओळीत पहिलं कोण हा प्रश्न राहिलाच, तो कसा सोडवला ते मी इथं लिहीत नाही, दोन्हीकडचे लोक वाचतात.

गावाच्या नावाचं पण एक आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झालं, खरं गोव्याचं गिऱ्हाईक अजून सर्चमध्ये जुनं इंग्रजी स्पेलिंगच टाकतं, कोकणातलं देवनागरीत बेळगाव टाकतं, कन्नड माणूस बेळगावी. तिन्ही नावं पानावर कुठं ना कुठं वाक्यात नीट यायला पाहिजेत, नुसती खाली कोंबलेली नकोत. गूगल मॅपवर दुकानाची जी नोंद असते, बिझनेस प्रोफाइल, ती तर वेबसाइटच्या पण आधी करा. फुकट असते. कितीतरी लोक साइट उघडतच नाहीत, तिथंच वेळ बघतात आणि तिथनंच फोन लावतात, आणि सणासुदीच्या वेगळ्या वेळा टाकायची तिथं सोय आहे.

ती सोय बेळगावात किती कामाची हे बाहेरच्यांना नाही कळणार. १ नोव्हेंबर घ्या. एकीकडं कर्नाटकाच्या स्थापनेची, राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं बेळगाव महाराष्ट्रात गेलं नाही म्हणून मराठी लोकांचा काळा दिवस, रस्ते बंद, पोलीस. गोव्याच्या माणसाला त्याचं काय, त्याच्या दृष्टीनं नेहमीसारखाच दिवस, चला बस्त्याला. अशी एक फॅमिली एका वर्षी गावाबाहेर अडकून परत गेली होती, नवरीची आई फोनवर रडत होती. आणि २०२२ चा डिसेंबर, महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरनं वातावरण तापलं, ट्रकवर दगड पडले, दोन्हीकडच्या बसगाड्या बंद झाल्या. लग्नसराईचे दिवस. नवीन साइट तेव्हा चालू होऊन थोडेच महिने झालेले. काका सकाळ-दुपार-संध्याकाळ ती एक ओळ बदलत होते, "गावात शांत आहे, दुकान चालू, बस बंद आहेत, स्वतःच्या गाडीने यायचं तर आधी फोन करा." त्या आठवड्यात जे लोक आले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी दुकानात शिरताना फोन हातात धरून तीच ओळ दाखवली. बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं की ह्या वेबसाइटचं वर्षाचं भाडं किती असतं गं.

आता मैत्रिणीचं. तिला मी सांगितलं की तुमचं आमच्यासारखं नाही. फरसाणाचं गिऱ्हाईक गल्लीतलंच, दर आठवड्याला येणारं, त्याला 'उघडं आहे काय' विचारायची गरज नाही, त्याला पाहिजे अर्धा किलो शेव आणि पाव किलो चिवडा बांधून ठेवा, येताना नेतो. त्याला वॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआय एवढं पुरतं, वेबसाइटसुद्धा आत्ता नको. पुढं पुण्या-मुंबईला पार्सल पाठवायला लागलात, तीच तीच माणसं परत परत मागवू लागली, तर मग साइटवर ऑर्डर घ्यायचं बघा, आणि होम स्क्रीनवर आयकॉन पाहिजेच असेल तर साइटलाच तसं करता येतं, पीडब्ल्यूए म्हणतात त्याला, प्ले स्टोअरची भानगड नाही. आणि मी जिथं नोकरी करते तिथं अजून तिसरंच. तिथं गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचे पर्चेसवाले, ते टेबलावर मोठ्या स्क्रीनसमोर बसून ड्रॉइंग आणि मापं बघतात, फोनवर फक्त त्यांना आमच्या माणसाचा नंबर पाहिजे असतो. तिथं जाऊन मी साडीच्या दुकानाची अक्कल शिकवायला लागले तर मला घरी पाठवतील.

तिनं विचारलं, मग आम्ही सुरुवात कुठनं करू? म्हटलं वही घे. दोन रुपयाचं पेन आणि वही, फोनजवळ ठेव. तिचं तोंड पडलं, तिला वाटलं होतं मी एखाद्या कंपनीचं नाव देईन.

काल रात्री हे लिहिताना सहज साइट उघडून बघितली. दोन दिवस धो धो पाऊस आहे, कणकुंबीकडं तर विचारायलाच नको. वरच्या ओळीत काकांनी, शुद्धलेखनाचं जे व्हायचं ते होऊन, लिहिलेलं, "दुकान उघडं हाय. खरं घाटात पाऊस लई हाय, नवरी कुठं पळून जात नाही, दोन दिवसांनी या."

बाबांनी ते बघितलंय की नाही मला माहीत नाही. मी काही बदललं नाही.